गाठीची बरणी

४ फेब्रु., बुधवार. भोर
मोबाईलवर मीटिंग. इकडे आमचे सर्जन सर आणि मी, वॉर्डची सिस्टर. पुण्याहून केमोच्या मॅडम, लॅबच्या मॅडम. पासलीच्या सखूबाईंचं नाव निघालं. स्तनातली कॅन्सरची गाठ काढून पंधरा दिवस झाले.
"रिपोर्ट?"
लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "गाठच आली नाही."
सर माझ्याकडे बघायला लागले. गाठीची बरणी मीच सखूबाईंच्या मालकांच्या, धोंडिबांच्या हातात दिलेली. चिठ्ठीसकट. "पुण्याच्या लॅबला न्या," एवढंच म्हणाले. घाई होती. ती रोजच असते म्हणा.

५ फेब्रु.
धोंडिबांचा फोन लागत नाही. पासलीच्या आशा सेविकेकडे निरोप ठेवला. सर फाइलवर लिहून मोकळे: नातेवाइकांचा हलगर्जीपणा. वाचून कानशिलं तापली. बोलले मात्र नाही. भित्री कुठली.

७ फेब्रु., शनिवार
रजा टाकून पासली. नसरापूरला एसटी बदलली, वेल्ह्यापासून टेम्पो.
धोंडिबांनी खाली मान घालून सांगितलं, बरणी बांधाला पुरली. हळदकुंकू वाहून.
"तिच्या अंगाचा तुकडा हाय, ताई. परक्या गावात कुनाच्या हाती देऊ? तुमी न्या म्हनला. कशापायी, ते न्हाई सांगितलं."
नाहीच सांगितलं. गाठ तपासून औषध ठरतं हे तिन्ही डॉक्टरांना ठाऊक, मला ठाऊक. जो घेऊन जाणार त्यालाच नाही! स्वतःचाच राग आला.
आता सांगितलं. ते टिकाव घेऊन उठले. बरणी निघाली. झाकण घट्ट, गाठ टिकवणारं फॉर्मलिन तसंच.
सखूबाई तांदूळ निवडत होत्या. काखेतही गाठ लागतेय म्हणाल्या. वर, "परत कापनार आसाल तर म्या येत न्हाई."

९ फेब्रु.
बरणी मांडीवर घेऊन पुण्याला. एसटीत शेजारची बाई दोनदा विचारते, लोणचं का? हसू की रडू.
लॅबच्या मॅडम: "फार दिवस राहिली. चाचण्या नीट येतील याची खात्री नाही. बघते."

११ फेब्रु., बुधवार
मीटिंग. केमोच्या मॅडमना थांबायचं नाही, काखेतून सुईने पुन्हा नमुना हवा. लॅबच्या मॅडम म्हणतात सोमवारपर्यंत वेळ द्या, आहे त्या गाठीतून बघते. सर म्हणतात आधी बाई येऊ तर दे.
मध्येच बोलून टाकलं. "चूक त्यांची नाही. माझी. मी समजावलंच नव्हतं."
सर म्हणाले, "सिस्टर, तो आत्ता विषय नाही."
मग कधी? फाइलवरची ओळ तशीच आहे. आणि सुईसाठी बाईंना तयार करायचं काम कुणाकडे? माझ्याकडेच.

१३ फेब्रु., शुक्रवार
सकाळी धोंडिबा एकटेच वॉर्डच्या दारात. सखूबाई आल्या नाहीत. या खेपेला घाई केली नाही. बाकावर बसवलं, कागदावर लिहून दाखवलं. हे सर, गाठ काढतात. या मॅडम, तपासतात. या दुसऱ्या, त्यावरून औषध देतात. सोमवारी रिपोर्ट. नाही जमलं तर सुई, कापणं नाही. दोनदा सांगितलं.
"समजलं?"
"व्हय. समदं समजलं." कागदावरून बोट फिरवलं. "ती ऱ्हाईल का, ते ह्यातलं कोन सांगतंय?"
तिघांचीही नावं समोर होती. मला एकावरही बोट ठेवता आलं नाही.