फायरवॉल आणि तुझी भावजय

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

बाळ-बाळंतीण सुखरूप असतील. जिने चढताना तुझे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांचं ऐक, लेकीचं नको. इकडे तुझं घर जागच्या जागी आहे. (एक कपबशी सोडून.)

काल सकाळी दहाला आमच्या रक्तपेढीतल्या मॅडमचा फोन आला आणि ती कपबशी हातातून सुटली. दवाखान्यात एका बाईंचं दुपारी चारला ऑपरेशन, रक्तगट दुर्मीळ, पेढीत पिशवी एकही नाही. तपासणीला वेळ लागतो, म्हणून दाता बाराच्या आत यायला हवा. दात्यांचे नंबर सर्व्हरवर, आणि यादीचा प्रोग्राम बंद पडलेला. तो नुसता पुन्हा चालू करायचा होता. पण सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात (कुणी हात लावू नये म्हणून) आणि मी बसने चार तासांवर. म्हटलं, इथूनच लॉगिन करतो, चुटकीसरशी होईल.

होईना. सर्व्हरने सरळ नकार दिला असता तर आत कुणी आहे एवढं तरी कळलं असतं; हा मला दाराशी उभं करून हूं की चूं करत नव्हता. तुझा राउटर बंद-चालू केला, वायर बदलली, शेजाऱ्यांचं इंटरनेट मागून आणलं. सव्वाअकरा झाले. मॅडम दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारत होत्या. मग आठवलं. गेल्या महिन्यात मीच फायरवॉलमध्ये नियम घातला होता की बाहेरून फक्त माझ्या घरच्या इंटरनेटला आत घ्यायचं, बाकी कुणालाही नाही. (त्याबद्दल साहेबांची शाबासकीही घेतली होती.) दोष कुणाला देणार?

म्हणजे वाट एकच, घरचा कॉम्प्युटर. आणि घरी तुझी भावजय. तिने तो पुसताना बंद केला म्हणून मी तिला "माझ्या कॉम्प्युटरला पुन्हा हात लावायचा नाही" असं सुनावलं होतं, तेव्हापासून अबोला. (तुझ्याकडे राहायला येताना "हवापालट" म्हणून सांगितलं, ते हे.) नाक मुठीत धरून फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग लावू ना हात?"

मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. पासवर्ड मोठ्यांदा सांगावा लागला (त्यात माझ्याच हुशारीची स्तुती आहे, जास्त विचारू नकोस). ती हसली नाही. साडेअकराला यादी उघडली. चौथ्या फोनला एक शिक्षक सापडले, ते वर्गातून तसेच निघाले आणि बाराला पाच कमी असताना पेढीत पोचले. बाई शुद्धीवर आल्याचं आज सकाळी कळलं. तुझ्या ओट्याशी उभा राहून मी रडलो.

तुझा धाकटा

ता. क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच, की तुझ्या भावजयीला फोन कर आणि "याला परत बोलावून घे गं" असं आपणहून सांग. मी लिहिलंय हे कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. खोलीची किल्ली कुरिअरने मॅडमना पाठवली. इथलं, म्हणजे तुझ्या घरचं, इंटरनेटही नियमात घालून टाका, असं त्या म्हणाल्या. एका ओळीचं काम. हो म्हटलं, पण घातलं नाही. तिला फोन करायला दुसरं निमित्त नाही माझ्याकडे.