‘तिसरा दिवस’ म्हणजे तीन तारीख नव्हे

गलबत ‘सबुरी’,
खाडीपलीकडच्या शहराचा धक्का,
सहाव्या महिन्याची नऊ तारीख, १७८७

मित्रा ॲसा कॉर्लिस,

तुझी प्रकृती ठणठणीत असेल, गिरणीला पाणी भरपूर असेल आणि पाऊस यायच्या आधी तुझा डावा गुडघा पूर्वीइतका कुरकुरत नसेल, अशी आशा करतो. तुझी बहीण कझाया मी घरून निघालो तेव्हा खुशाल होती. मीही खुशाल आहे. नऊ वर्षांनी मेहुण्याचं पत्र आलेलं पाहून तू ते चुलीत घालायला निघाला असशील, तर जरा थांब आणि आधी वाच. सुरुवातीलाच सांगून टाकतो की मी रागावलेलो नाही. आपल्या क्वेकर मित्रसमाजात (म्हणजे आमच्या, तुला काढून टाकलंय हे माझ्या लक्षात आहे) रागाला जागा नाही, आणि मी त्या समाजाचा सत्तेचाळीस वर्षांचा सभासद आहे. फक्त माझं गलबत या (इथले दोन शब्द मी खोडले आहेत, उजेडाला धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस) लोकांनी जप्त केलं आहे आणि येत्या सहाव्या दिवशी, पंधरा तारखेला, त्याचा लिलाव आहे. बाकी सगळं क्षेम.

झालं असं, की पलीकडच्या राज्याच्या विधानसभेला अचानक साक्षात्कार झाला की आपण जर्सीवाले परदेशी आहोत. दहा वर्षांपूर्वी लंडनच्या राजाला हाकलायचं होतं तेव्हा आपण भाऊ भाऊ होतो (म्हणजे ते होते; मित्रसमाज लढत नाही, हे वेगळं). आता राजा गेला, आणि आपला कोबी परदेशी झाला. नवीन कायदा म्हणतो, अमुक मापाच्या वरचं कुठलंही गलबत जर्सीहून आलं तर त्यानं चोवीस तासांच्या आत जकातघरात जाऊन लंडनहून आल्यासारखी वर्दी द्यायची. लंडनची जहाजं आठ-आठ आठवडे पाणी कापत येतात. मी संध्याकाळच्या ओहोटीला श्रूजबरीहून निघतो आणि सकाळी इथे येऊन न्याहारी करतो, ती न्याहारीसुद्धा कझायानं घरी बांधून दिलेली असते आणि कधी कधी अजून कोमट असते. यावर आपल्या विधानसभेनं काय करावं? त्यांचा जो दीपस्तंभ आपल्या वाळूवर उभा आहे, त्याच्यावर कर बसवला! वा रे शहाणे! दिव्यावर कर बसवून माझं गलबत सुटणार आहे का? दोन्हीकडची डोकी एका पोत्यात घालून कुणीतरी हलवायला हवीत. हे मी शांतपणे लिहितो आहे.

तर मी शंभर टोपल्या स्ट्रॉबेऱ्या, चार गाड्या सरपण आणि बावीस बदकं घेऊन इथे लागलो आणि सरळ जकातघरात गेलो. तिथे बार्थोलोम्यू स्किलमन नावाचा एक अंमलदार बसतो. गाल गुळगुळीत, बटणं चकचकीत. त्यानं पहिल्यांदा माझ्या टोपीकडे पाहिलं. मी टोपी काढली नाही. माणसापुढे टोपी काढत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. मग मी म्हणालो, ‘मित्रा, तू वर्दीचा कागद दे.’ झालं! नाकाला मिरच्या झोंबल्यासारखा उठला. ‘“तू” कुणाला म्हणतोस रे?’ ‘तुलाच म्हणतो, मित्रा.’ ‘मी राज्याचा अंमलदार आहे!’ मी म्हटलं, राजा होता तेव्हा मी राजालाही तूच म्हणत असे, तू तर नुसता राज्याचा आहेस. हे मी मवाळपणे म्हटलं होतं. मागे रांगेत उभे असलेले कालवंवाले कशाला हसले, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण त्या हसण्यानंच घात केला. त्या क्षणापासून स्किलमननं मला कायद्याच्या एकेका कलमानं सोलायचं ठरवलं.

कागदावर गलबतावरची प्रत्येक जिवंत आणि निर्जीव वस्तू लिहायची होती. मी स्ट्रॉबेऱ्या लिहिल्या, सरपण लिहिलं, बदकं लिहिली. ‘आणखी काही?’ मी म्हटलं, एक मांजर आहे. मांजराचं मूळ गाव? श्रूजबरी. म्हणजे परदेशी मांजर. लिही. मी लिहिलं. (याच मांजरीनं परवा दोरखंडाच्या वेटोळ्यात चार पिल्लं घातली. स्किलमन म्हणतो, हा न नोंदवलेला माल आहे. मी म्हटलं, पिल्लं तुझ्या राज्यात जन्मली, तुझी प्रजा आहे. तर विचारतो कसा, बाप कुठला? बाप कोण ते मी शपथेवर सांगू शकत नाही, आणि तसाही मी शपथ घेत नाही.)

आणि मग तो शेवटचा रकाना आला. ‘कोणत्या महिन्यात, कोणत्या दिवशी नांगर टाकला?’ मी सरळमार्गी माणूस. मी लिहिलं, ‘सहाव्या महिन्यात, तिसऱ्या दिवशी, सकाळी.’ खाली सही केली. आता तू सांग, ॲसा, यात काय चुकलं? (समाजाबाहेर पडल्यापासून तूही जगासारखे वार मोजायला लागला असशील, तर आठवण करून देतो. रविवार तो पहिला दिवस, म्हणून मंगळवार तो तिसरा. खोट्या देवांची नावं आपण वारांना देत नाही, आणि ते तुझ्या आईनं तुला माझ्या आधी शिकवलं होतं.) मी मंगळवारी आलो. मंगळवारी वर्दी दिली. त्या मंगळवारी तारीख होती पाच. पण स्किलमननं वाचलं, जून, तीन तारीख. बोटं मोजली आणि असा काही हसला की मला पुढचं कळून चुकलं. म्हणे, तू तीन तारखेला आलास, वर्दी देतोयस पाच तारखेला, चोवीस तास केव्हाच उलटले, गलबत जप्त. आणि तीन तारखेला रविवार होता, म्हणजे देवाच्या वारी धंदा केलास, तो गुन्हा वेगळा.

मी! मी रविवारी गलबत हाकलं! ज्या माणसानं पहिल्या दिवशी कधी बुटाची नाडीसुद्धा घट्ट केली नाही, तो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली (म्हणजे गेली असती). मी त्याला समजावलं, पुन्हा समजावलं, मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट आपटून समजावलं. तो म्हणतो, लिहिलेलं ते लिहिलेलं, सही झाल्यावर दुरुस्ती फक्त शपथेवर. मी म्हटलं, मी शपथ घेत नाही. माझं हो म्हणजे हो. तर म्हणतो, नुसत्या ‘हो’वर भागवायची सवलत आमच्या राज्यातल्या क्वेकरांना आहे, तू परदेशी. बघ! मांजरापासून माझ्यापर्यंत सगळे परदेशी! मी नुसती तारीख लिहायला हवी होती, हे मला त्याच संध्याकाळी उमगलं. पण ते मी त्याच्यापुढे मरेपर्यंत कबूल करणार नाही.

आता चार दिवस मी धक्क्याला बांधलेल्या माझ्याच गलबतावर कैद्यासारखा बसलो आहे. सुकाणूवर त्यांचं सील आहे. माल उतरवायची परवानगी नाही. बदकं रात्रंदिवस केकाटतात. स्ट्रॉबेऱ्या तिसऱ्याच दिवशी (तारीख नव्हे!) आंबल्या आणि फळ्यांच्या फटीतून लाल पाणी ठिबकायला लागलं. इतका वास सुटला की काल धक्क्यावरून जाणारे दोन खलाशी वर चढून पेला मागायला लागले. मी चाळीस वर्षांत दारूला शिवलो नाही आणि माझी ‘सबुरी’ गुत्त्यासारखी घमघमते आहे. तिचा लिलाव झाला तर मी काय करणार? मला शेत नाही, गिरणी नाही. तिच्या बुडाची प्रत्येक फळी मी हातानं बसवली आहे. कझायाला मी अजून काही कळवलेलं नाही. आठवड्याभरात येतो सांगून निघालो होतो.

त्यात परवा आपल्या सभेचे दोघे वडीलधारे कालवांच्या होडीतून आले. गावात बातमी गेली होती की हेझेकाया वूलीनं रविवारी धंदा केला. त्यांतला झेब्युलन हॅन्स बदकांच्या खुराड्यावर बसला आणि रिवाजाप्रमाणे दोन तास गप्प राहिला. मीही गप्प. बदकं गप्प नव्हती. दोन तासांनी त्यानं विचारलं, आणि मी ‘तिसरा दिवस’ म्हणताच त्याला अर्ध्या वाक्यात कळलं. कळणारच! सबंध खाडीत ते दोन शब्द कळणारी माणसं आमच्याच सभेत आहेत, आणि त्यांतला एकही शपथ घेणारा नाही. मी विचारलं, मग मी काय करू? तर म्हणाला, ‘हेझेकाया, तुझ्या आवाजात राग आहे.’ ‘राग नाही!’ असं मी म्हणालो, ते अशा आवाजात की तिकडे जकातघराची खिडकी उघडली. दोघंही मान हलवून निघून गेले. जाताना एक टोपली नेली, तीही त्यातल्या त्यात चांगली बघून.

पत्र फार लांबलं. मुलांना माझा स्नेह. तुझ्या गुडघ्याला गरम मीठ लावत जा.

तुझा मित्र,
हेझेकाया वूली

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. निघालो त्या संध्याकाळी, म्हणजे चार तारखेला, मी तुझ्या गिरणीवरून गेलो तेव्हा तू तुझ्या धक्क्यावर उभा होतास. तू मला पाहिलंस, मी तुला पाहिलं, आणि दरवेळेसारखं दोघांनी तोंड फिरवलं. तेव्हा चार तारखेला ‘सबुरी’ श्रूजबरीत होती, हे डोळ्यांनी पाहिलेला आणि शपथ घेऊ शकणारा जगात एकच माणूस आहे. पंधरा तारखेच्या आत ये. स्किलमन बायबलचं पुस्तक पुढे करेल, त्याच्यावर हात ठेव आणि पाहिलंस ते सांग.

ता. क. दुसरा. मी काय मागतो आहे, ते मला कळतं. युद्धात राज्यानं तुझ्या गिरणीला कुलूप लावलं, ती सोडवायला तू असाच पुस्तकावर हात ठेवलास, आणि त्याबद्दल तुला समाजातून काढा म्हणून सभेत पहिला उभा राहिलो तो मी. मी तेव्हा म्हणालो होतो की एका इमारतीसाठी माणसानं आपला शब्द विकू नये. ‘इमारत’ म्हणालो होतो, ॲसा. त्या गिरणीचं जातं तू हातानं घडवलं होतंस, हे मला माहीत होतं. कझायानं त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर तुझ्या जागी कधी कुणाला बसू दिलं नाही, आणि मी कधी का म्हणून विचारलं नाही. तू आला नाहीस तरी मी पुढच्या पहिल्या दिवशी सभेत उभा राहणार आहे, आणि या वेळी बरोबर बोलणार आहे.

ता. क. तिसरा. रागाबद्दल सुरुवातीला लिहिलं ते खोटं आहे. मी रागावलेलो आहे. स्किलमनवर आहे, पण नऊ वर्षं स्किलमन नव्हता, मी होतो.

ता. क. शेवटचा. शपथ घेताना इथे टोपी काढायला लावतात. तुझी टोपी मी धरून उभा राहीन.