परिचयाची पाच मिनिटं

५ जानेवारी, रविवार

युनियनची डायरी यंदा वेळेवर मिळाली. रोज लिहीन.

आजची मोठी गोष्ट. हुडको मार्केटात नीतूचं पुस्तकांचं दुकान आहे. तीन भिंतीले गाइड, वह्या अन् कॉम्पिटिशनची पुस्तकं, एका भिंतीले साहित्य. तिथं तिनं महिन्यातून दोन रविवारी ‘लेखक भेट’ सुरू केली. लेखक येते, वाचते, लोकं ऐकतात, चहा पितात अन् पुस्तक न घेता घरी जातात. आज पहिला कार्यक्रम होता. पाहतो तं लेखकाचा परिचयच नाही. नीतूनं नाव सांगतलं, पुस्तकाचं नाव सांगतलं अन् खाली बसली. मले राहवलं नाही. संपल्यावर तिले सांगतलं, बेटा, माणसाचा परिचय असा नाही देत. स्टील प्लांटात चौतीस वर्षं, महिन्याच्या शेवटच्या तारखेले जो कोणी रिटायर झाला त्याचं मानपत्र मीच लिहिलं अन् मीच वाचलं. जे लोकं बोट मशीनीत गेलं तरी रडले नाही, ते माझ्या मानपत्रावर रडले.

नीतू म्हणाली, ठीक है काकाजी, अगली बार से आप बोल दीजिए.

माझंही पुस्तक आहे, ‘शिफ्टचा डबा’. तिच्या रॅकवर खालून दुसऱ्या कप्प्यात, दोन वर्षांपासून. माझं वाचन कधी ठेवते म्हणून विचारलं. देखते हैं, म्हणाली. म्हणजे पक्कं.

संकल्प: परिचय पाच मिनिटं. एक सेकंद जास्त नाही.

१९ जानेवारी, रविवार

कवी रूपेश, रायपूरचा. वय अठ्ठावीस. पहिलाच कवितासंग्रह.

परिचय अडतीस मिनिटं झाला. त्याले कारण आहे. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाबद्दल मटेरियल कमी असते, म्हणून एकेक मुद्दा खुलवून सांगावा लागते.

मानपत्राचे सगळे टप्पे घेतले. जन्म, शिक्षण, सेवाकाळ, स्वभाव. ‘आपल्या संपूर्ण कार्यकाळात यांनी कधी कोणाचं मन दुखवलं नाही’ हे वाक्य तं मी झोपेतही म्हणू शकतो. मग शाल अन् नारळ. मग आमच्या डिपार्टमेंटच्या रिवाजाप्रमाणं सौभाग्यवतीले स्टेजवर बोलावलं. लग्न झालं नव्हतं. म्हणून आईले बोलावलं, त्या बिचाऱ्या पर्स सांभाळत आल्या. शेवटी, यांची उणीव आमाले सदैव भासत राहील, यांचं उर्वरित आयुष्य नातवंडात आनंदानं जावो. पोराच्या डोळ्यात पाणी आलं. आईनं त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता.

त्यानं दोनच कविता वाचल्या. बस होती म्हणे. नवीन लोकाईले स्टॅमिना नाही.

आमची सिंधू मागच्या खुर्चीवर होती. घरी येताना म्हणाली, चांगल्या जित्याजागत्या पोराचा तुम्ही तेरावा करून टाकला. बायकोले साहित्यातलं समजत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

नीतूचा फोन. फार अदबीनं बोलली. पुढच्या वेळी परिचय तीन मिनिटं, म्हणाली. तीन मिनिटांत काय होते? गेटपास होते, परिचय नाही होत. पण मी हो म्हणलं. लेखकानं लवचीक असावं.

संध्याकाळी सईचा फोन, पुण्याहून. माझी एकुलती एक पोरगी, तिथं कंपनीत आहे. तिचं शिक्षण हिंदी अन् इंग्लिशमध्ये झालं, मराठी घरात बोलते तेवढीच. पुण्यात मराठी बोलली की लोकं विचारतात म्हणे, तुम्ही हिंदी का? म्हणाली, बाबा, तुमचं पुस्तक घेऊन बसते, पण अजून मनोगतातच अटकून आहे. बेचाळीस पानांचं मनोगत आहे. मले ते पहिलेच आखूड वाटलं होतं.

मग म्हणाली, मले ते पुस्तक तुमच्या आवाजात ऐकायचं आहे. वाचताना अर्ध्या शब्दाले ठेच लागते, तुम्ही बोलले की सगळं समजते. मी म्हणलं, दुकानात माझं वाचन लागून राहिलं आहे, तारीख आली की ये.

फोन ठेवल्यावर उगाच अंगणात दोन चकरा मारल्या. फार बरं वाटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज मैनाबाई, नंदिनी नगरच्या. प्रायमरी शाळेत शिकवतात, गोष्टी लिहितात.

मी तीन मिनिटांचाच परिचय लिहिला होता. तेवढ्यात कोणाचा तरी मोबाइल वाजला. मी स्टेजवरून खडसावलं, की साहित्याच्या कार्यक्रमात फोन बंद ठेवावे. नंतर कळलं की नीतूनंच तीन मिनिटांचा अलार्म लावला होता. त्या खडसावण्यात लय तुटली, म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागलं. ‘उर्वरित आयुष्य’पर्यंत आलो तं मैनाबाई उठल्या अन् माझ्या हातातून माइक घेतला. म्हणाल्या, भाऊ, मले एवढ्यात घरी नका बसवू, नोकरीची चार वर्षं बाकी आहेत. लोकं हसले. चांगली खेळीमेळी झाली.

त्यांनी अर्धा तास वाचलं. लोकं पोट धरून हसत होते, सिंधू तं डोळे पुसून राहिली होती. काहून ते मले नाही समजलं, कारण मी मनातल्या मनात आभारप्रदर्शन जुळवत होतो. आभार वीस मिनिटं चालले. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तारीख मिळाली! १६ फेब्रुवारी, रविवार, साडेसहा ते आठ. आठले नीतूचे सासरे शटर पाडतात, त्यात एक मिनिट इकडेतिकडे होत नाही. नीतूची एकच अट आहे. परिचय नाही, मनोगत नाही, काकाजी सीधे किताब खोलिए और पढ़िए. सईले लगेच फोन लावला. तिनं एक दिवसाची सुट्टी टाकली. शनिवारी सकाळी येते, सोमवारी सकाळच्या गाडीनं परत. तेवढ्यासाठी येऊन राहिली. सिंधूनं ऐकल्याबरोबर अनारसे टाकायचं ठरवलं.

हे कोणाले सांगतलं नाही, इथं लिहितो. पुस्तकाचं पहिलं प्रकरण सईवर आहे. ती सहा वर्षांची होती. मी फर्स्ट शिफ्टले घाईत गेलो अन् डबा घरीच राहिला. सिंधू तापानं फणफणली होती. तं ही पोरगी कोणाले न सांगता डबा उचलून सेक्टरमधल्या क्वार्टरातून पायी प्लांटच्या गेटपर्यंत आली. गार्डनं डबा मागतला तं दिला नाही. बाबाच्याच हातात देईन म्हणे. दोन तास त्याच्या स्टुलावर डबा पोटाशी धरून बसून राहिली. मी आलो तं म्हणाली, बाबा, भाजी थंडी झाली. आम्ही दोघं गेटच्या भिंतीशी बसून जेवलो. तिले हे काही आठवत नाही, एकदा विचारून पाहिलं होतं.

ते मी कधी बोललो नाही. चारशेच्या वर लोकाईबद्दल बोललो, तिच्याबद्दल बोलायले तोंड उघडत नाही. म्हणून तं लिहिलं. १६ तारखेले ती समोर बसली असेल अन् मी वाचीन.

संकल्प: रोज सकाळी एक तास मोठ्यानं वाचनाचा सराव.

९ फेब्रुवारी, रविवार

सराव उद्यापासून. या आठवड्यात वेगळं काम निघालं.

विचार केला, की इतक्या लोकांचा परिचय मी दिला अन् माझ्याच वेळी नाही? हळद न लावता नवरदेव बोहल्यावर जाते का? माझा मित्र शामसुंदर, शिअरिंग सेक्शनचा, त्याले म्हणलं तू लिही. त्यानं चार ओळी लिहून आणल्या. ‘विद्याधर कापगते चांगला माणूस आहे. टिफिन शेअर करते.’ वाचून वाईट वाटलं.

म्हणून स्वतःच लिहून राहिलो. नीतूची अट तशी मोडत नाही. ती म्हणाली परिचय नको, म्हणजे दुसऱ्यानं दिलेला नको.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

परिचय अकरा पानं झाला. कापायले बसलो. कापून चौदा पानं झाला.

सराव नाही झाला. घसा जपायचा आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सई आली. बारीक झाली. अनारसे मोडत मोडत म्हणाली, बाबा, आत्ता थोडंसं वाचा ना, उद्या पुन्हा ऐकीन. सिंधूही पदराले हात पुसत येऊन बसली.

मी नाही म्हणलं. घरात लुंगीवर बसून वाचलं तं त्याची इज्जत काय राहते? उद्या स्टेजवर, माइकवर. सई म्हणाली, ओके बाबा. मग मायलेकी टीव्ही पाहत बसल्या अन् मी आत जाऊन परिचयाचं बारावं पान सुधारलं.

१६ फेब्रुवारी, रविवार. रात्री ९

कार्यक्रम अपूर्व झाला. सव्वीस लोकं. खुर्च्या कमी पडल्या, शेजारच्या टेलरकडून दोन आणल्या. सई पहिल्या रांगेत, मोबाइल रेकॉर्डिंगले लावून.

साडेसहाले ठोक सुरू केलं. ‘श्री. विद्याधर कापगते यांचा जन्म.’ नीतूनं डोक्याले हात लावला, ते कौतुकानं असावं. वडील साकोलीकडची शेती सोडून प्लांटात लागले ते सांगतलं. सात वाजता मी मॅट्रिक झालो. सव्वासातले अप्रेंटिस. इथं पाच-सहा लोकं उठले, त्यांची नाइट शिफ्ट असावी. साडेसातले लग्न. रिवाजाप्रमाणं सौभाग्यवतीले स्टेजवर बोलावलं. सौभाग्यवती आली नाही. आपल्या संपूर्ण कार्यकाळात यांनी कधी कोणाचं मन दुखवलं नाही, हे म्हणताना आवाज भरून आला. शाल मी घरून आणली होती.

यांची उणीव सदैव भासत राहील, इथं आलो तं आठले पाच कमी होते. बरोबर वेळेत. चष्मा लावला, पुस्तक उघडलं. पुस्तकाचं नाव वाचलं. प्रकाशकाचं नाव अन् पत्ता वाचला. तेवढ्यात सासऱ्यानं शटर अर्धं खाली ओढलं. लोकं वाकून वाकून बाहेर निघाले.

टाळ्या चांगल्या झाल्या.

येताना सई स्कूटीवर माझ्या मागं होती. चौकात म्हणाली, “बाबा, तुम्ही वाचलंच नाही.”

मी म्हणलं, माहोल तं तयार झाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सईले सोडायले दुर्ग स्टेशनले गेलो. बोर्डवर पाहिलं, गाडी चौदा मिनिटं लेट. आम्ही बाकावर बसलो. सईनं माझ्या पिशवीतून पुस्तक काढलं, मनोगताची पानं एकदम उलटून पहिलं प्रकरण उघडलं अन् माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, आता वाचा.

मी चष्मा लावला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. शेजारी ती हनुवटीखाली हात घेऊन बसली होती. मी म्हणलं, वाचतो, पण त्याच्या पहिले दोन शब्द पार्श्वभूमीचे. तेव्हा मी प्लांटच्या कोणत्या मिलमध्ये होतो, फोरमन कोण होता, त्याचा स्वभाव कसा, शिफ्ट कशा लागायच्या, तो फोरमन पुढं कसा रिटायर झाला अन् त्याच्या मानपत्रात मी काय लिहिलं. सई ऐकत होती. मधात एकदा म्हणाली, हाव बाबा, अन् पुढं?

गाडी आली. बॅग चढवली. ती दारात उभी राहून म्हणाली, “पुढच्या वेळी बाबा, पक्कं.” तिनं हसून हात हलवला. पण ती मान वळवून आत गेली तेव्हा मले तिचा चेहरा दिसला.

स्कूटीची किल्ली कुठं ठेवली ते पार्किंगमध्ये बराच वेळ सापडली नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. दुपार

सिंधू बाजारात गेली. घरात कोणी नाही. पहिलं प्रकरण काढलं, मोबाइलमध्ये घड्याळ लावलं अन् मोठ्यानं वाचलं. नाव नाही, पत्ता नाही, सरळ पहिल्या ओळीपासून. भाजी थंडी झाली, इथं थोडं थांबावं लागलं. घड्याळ चालूच ठेवलं.

नऊ मिनिटं लागली. गाडी चौदा मिनिटं लेट होती.