मॉस्कोची भिंत कुणी बांधली

अब्बा, उद्या सकाळी सुपरवायझर मॅडमच्या टेबलावर मला माफीनामा ठेवायचाय, आणि मी तो ठेवणार नाही. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, पण असतात तर म्हणाला असतात, "लिहून दे पोरी, दोन ओळींनी हात झिजत नाही." अम्मी दुपारपासून तेच म्हणतेय. "नोकरी गेली की व्हिसा खलास. मग बस तुझं मॉस्को घेऊन." म्हणू दे.

झालं काय, तर आठवीला मॉस्कोचा धडा शिकवत होते. टेकडीवर लाकडी कोट घालणारा राजा, त्याच्या वंशातला पांढऱ्या दगडाची भिंत घालणारा, मग परदेशी कारागीर आणून विटांचा तट चढवणारा. नंतरचे महापौर: पूर्वी पाडलं गेलेलं मोठं चर्च एकानं परत उभारलं, दुसऱ्यानं फूटपाथ रुंद केले, जुन्या पाच मजली इमारती पाडून माणसं टॉवरमध्ये हलवली. मुलं निमूट लिहून घेत होती. मला राहवेना. गृहपाठ दिला: घरी विचारा, आपल्या माणसांनी इथे आखातात काय बांधलं? दुसऱ्या दिवशी वर्ग नुसता उसळला. कुणाच्या आजोबांनी फुजैरा बंदरात तेलाच्या टाक्या वेल्ड केलेल्या, कुणाचा मामा मेट्रोच्या पुलावर होता. "मॅम, माय नाना डिड दॅट!" आणि एका मुलाचे वडील शाळेत येऊन कडाडले, "मैं लेबर की कहानियों के लिए फीस नहीं भरता." म्हणून हा माफीनामा.

तुमचाही पक्ष तोच होता, अब्बा. इंटरनॅशनल सिटी या वसाहतीतलं, रशिया क्लस्टर नावाच्या इमारतींमधलं आपलं ते एका माणसापुरतं स्वयंपाकघर. शुक्रवार, सुट्टीचा दिवस. तुम्ही लुंगी खोचून बांगडे तळताय, मी दाराला टेकून हाच धडा घोकतेय. विचारलं, "पण अब्बा, भिंत बांधली कुणी?" झारा माझ्यावर रोखून तुम्ही म्हणालात, "ज्यानं हुकूम दिला त्यानं. नसता शहाणपणा नको. यल्ला, चल, पाठ कर." बावीस वर्षं शटरिंग कारपेंटर. फळ्या ठोकायच्या, आत काँक्रीट ओतायचं, ते धरलं की फळ्या उखडायच्या. "आपलं काम दिसता कामा नये, तेच खरं काम," हे तुम्ही छाती काढून सांगायचात आणि मला संताप यायचा. अजून येतो. बिल्डिंग ताब्यात दिली की पुन्हा तिच्या वाटेला जायचं नाही, हा तुमच्या टोळीचा रिवाज. मालकाची वस्तू झाली म्हणे! वा अब्बा! फळ्या नसत्या तर काँक्रीट काय हवेत उभं राहिलं असतं? त्या राजाच्या लाकडी कोटाचा मागमूस उरला नाही, म्हणून तो सुतारांनी बांधलाच नव्हता? तुम्ही मान खाली घालून आम्हाला जगवलंत, कबूल. पण तो वारसा मला नको. माझा प्रश्न बरोबर होता, आणि पुढच्या वर्षी नोकरी राहिली, इन्शाल्ला, तर पुन्हा विचारीन.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, आणि पोचण्यासारखं असतं तरी धाडलं नसतं. त्या दिवशी तास संपताना मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मॅम, व्हॉट डिड युअर फादर बिल्ड?" मी बोर्ड पुसायला वळले. एकाही इमारतीचं नाव सांगता येईना. इतकी वर्षं एका थाळ्यात जेवलो, अब्बा, आणि मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.