पिवळ्या रेघेच्या मागे उभे राहा

स्मृतिनगर, भिलाई
रविवार, दुपार

तीर्थरूप शालिकदादांच्या पायाशी धाकट्या भागीरथीचा नमस्कार पोचो.

तुमचा गुडघा आता कसा आहे? सिंधूवहिनी सांगतात तो निरगुडीचा पाला बांधता, की हेडमास्तरी थाटात "बघू" म्हणून बाजूला सारता? वहिनींचा खोकला, म्हैस, धाकटी सून, सगळ्यांची खुशाली कळवावी. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. मागचे काही दिवस कोणी कोणाशी बोलत नव्हतं, पण जेवत सगळेच होते. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण आमच्या घरी फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात (तुमच्या मेहुण्यांना जन्मभर भट्टीपाशी राहून कमी ऐकू येतं, आणि नेमकं नको ते बरोबर ऐकू येतं), म्हणून ही चिठ्ठी.

आधी एक सांगून ठेवते. प्रफुलने तुम्हाला कळवलं असेलच की आईने समीक्षाच्या शाळेत जाऊन वाद घातला. घातला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालीन. लहानपणी तुम्हीच मला शिकवलंत की उत्तर बरोबर असेल तर वर केलेला हात खाली घ्यायचा नाही. आता तुमच्याच शिकवणीवर रागावू नका.

झालं असं. शाळेने पालकांच्या मोबाइल ग्रुपवर सूचना टाकली, "घर और स्कूल, हाथ में हाथ." पाचवीच्या मुलांनी विज्ञान मेळाव्यासाठी घरच्यांच्या मदतीने एक चालतं मॉडेल करून आणावं. सूनबाईने, रीनाने, जेवताना ती वाचून दाखवली. समीक्षा लगेच म्हणाली, "मी भट्टी बनवणार. आबाजींवाली." दादा, तिच्या आबाजींनी सारी नोकरी ब्लास्ट फर्नेसवर, लोखंड वितळवायच्या भट्टीवर, काढली आणि घरी येऊन त्याच गोष्टी सांगितल्या. आम्ही ऐकून ऐकून विटलो. ही एकच नात "मग पुढे काय झालं" म्हणून विचारत राहिली. तिचं बोलणं ऐकून यांचे डोळे भरून आले. इथपर्यंत सगळं चांगलं होतं. पण "घरच्यांच्या मदतीने" हे शब्द यांच्या कानात गेले, आणि हे ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्प-१ वस्तीतून कवडूभाऊ हजर. (यांचे जुने सोबती, रिटायर वेल्डर. बायको घरात टिकू देत नाही, त्यामुळे कुठल्याही कामाला तयार.) प्रफुल रोलिंग मिलमध्ये आहे, तिथली शिफ्ट सुटली की तो अंगणातल्या शिफ्टला लागायचा. तेलाच्या मोठ्या डब्याला आतून माती लिंपली, खाली भोक पाडलं, वर धुराडं जोडलं. मग वितळलेल्या लोखंडाच्या जागी काय घालायचं यावर बैठक बसली आणि तिघांचीही नजर माझ्या गुळाच्या डब्यावर गेली. तुम्ही धाडलेला गूळ, दादा, संक्रांतीचा! त्याचा पाक करून भट्टीत ओतायचा, खालच्या भोकाला कणकेचा गोळा ठोकायचा आणि पाहुणे समोर आले की गोळा फोडून लाल धार काढायची, असं ठरलं. मला कोणी विचारलं नाही. माझ्याकडे फक्त मालाचा पुरवठा होता.

आता रेघेचं सांगते. प्लांटमध्ये धोक्याच्या जागेभोवती पिवळी रेघ मारलेली असते, परवानगीशिवाय आत पाय टाकायचा नाही. यांनी माझी हळद घेतली आणि अंगणात भट्टीभोवती तशीच रेघ ओढली. आणि जिची भट्टी, तिलाच रेघेबाहेर उभं केलं. पोरगी म्हणाली, "आबाजी, मले पण करू द्या ना." तर हे म्हणतात, "तू कावून आत येऊन राहिली? हेल्मेट कुठं हाय तुयं? मागं राय. सब तुयासाठीच तं करून राहिलो!" ती धावत जाऊन बापाचं हेल्मेट घालून आली, ते नाकापर्यंत उतरलं. कवडूभाऊंनी तपासणी केली आणि हनुवटीचा पट्टा ढिला आहे म्हणून तिला परत पाठवलं. तीन मोठी माणसं चिखलात खेळत होती, आणि पाचवीतली पोर हात मागे बांधून शिस्तीत बघत होती.

मेळाव्याच्या दिवशी हे तिघे हेल्मेट घालून शाळेत गेले, मागून मी आणि समीक्षा. तिथे पाहुण्यांना यायला उशीर झाला. तोवर पाक आत घट्ट आणि कणीक दगड. प्रिन्सिपल बाई समोर उभ्या, आणि धार काही येईना. यांनी सळई घेतली, मला नवऱ्याचा तो चेहरा माहीत आहे, मी डोळे मिटले. सळई आत गेली आणि अर्धा गोठलेला पाक एकदम गठ्ठ्याने बाहेर आला तो थेट प्रमाणपत्रांच्या टेबलावर. (पार निवला होता, म्हणून कोणाला भाजलं नाही. देवाची कृपा.) वर्गशिक्षिका रश्मी मॅडम धावत पुढे आल्या, चप्पल जागीच चिकटून राहिली. इतकं सगळं होऊनही मी हसले असते. पण प्रिन्सिपल बाईंनी समीक्षाला विचारलं, बेटा, ही भट्टी कशी चालते सांग. ती म्हणाली, "मॅडम, मुझे नहीं पता. मुझे तो लाइन के पीछे रखा था."

सगळे हसले. ती नाही हसली. शाळेत कोण शिंकलं इथपासून सांगणारी पोर त्या दिवसापासून घरात येऊन दप्तर ठेवायची आणि गप्प बसायची. आबाजींनी हाक मारली तर "हो" एवढंच.

मग शाळेचा निरोप आला. समीक्षाला शनिवारी वर्गासमोर पुन्हा संधी देऊ. मात्र पालकांनी झाल्या प्रकाराबद्दल खेद लिहून द्यावा आणि यापुढे मुलीचं काम मुलगीच करील अशी हमी द्यावी. हे भडकले. "मदत मांगली, मदत देली. माफी कायची?" आणि मी सांगते, यांचं बरोबर होतं! हातात हात म्हणून आमंत्रण तुम्हीच द्यायचं आणि हात पुढे आला की त्यावर छडी मारायची, ही कुठली रीत? पण यांच्या बरोबर असण्यापायी पोरीचा शनिवार जाणार होता. शुक्रवारपर्यंत वाट पाहिली. प्रफुल बापाला भिऊन सही करीना, रीना सासऱ्याला भिऊन. मी कोणालाच भीत नाही, म्हणून मी गेले.

रश्मी मॅडमना म्हटलं, हमी देते, खेद देणार नाही. आणि हमीच्या खाली शाळेचीही एक ओळ पाहिजे: बापाच्या वेल्डिंगशिवाय होणार नाही असं काम लहान मुलांना देणार नाही, आणि मॉडेल बघायच्या आधी मुलाला विचारू, यातलं तू काय केलंस. त्या म्हणाल्या, असा नियम नाही. मी म्हटलं, मग करा, मी बसते. आणि बसले. बाक पहिलीच्या पोरांचा, माझे गुडघे हनुवटीला लागलेले. मधली सुट्टी झाली, पोरं मला आपल्या डब्यातलं देऊ लागली. (एकाच्या डब्यातला तांदळाच्या पिठाचा फरा छान होता, कृती विचारून वहिनींना कळवीन.) शेवटी मॅडम हसल्या, ओळ लिहिली, सही केली. मीही खाली मराठीत सही ठोकली. मग हळूच म्हणाल्या, "माँजी, बाकी सबके मॉडल तो बाज़ार से आए थे." बघा! आमचा निदान घरचा चिखल होता.

शनिवारी समीक्षाने चहाच्या डब्याची एवढीशी भट्टी केली. कोणाला हात लावू दिला नाही. माझ्याकडून गूळ, गरम पाण्याचा थर्मास आणि हळद तेवढी घेतली. हळद कशाला ते वर्गात कळलं. तिने फरशीवर रेघ ओढली आणि आबाजी, बाप आणि कवडूभाऊ, तिघांना तिच्या मागे उभं केलं. खालच्या भोकाचं झाकण उघडलं, धार काही आली नाही. पुन्हा जाम! यांचा पाय उचलला गेला. मी यांचा सदरा मागून धरला. तिने वळून फक्त म्हटलं, "आबाजी, लाइन." दादा, मोठमोठ्या साहेबांचं न ऐकलेला माणूस, त्याने पाय मागे घेतला. तिने वरून गरम पाणी ओतलं, माझ्या विणायच्या सुईने भोक मोकळं केलं, आणि आली, बारीकशीच, पण धार आली. ती म्हणाली, "ज़्यादा देर रोक के रखो, तो अंदर ही जम जाता है." आबाजी रेघेमागे उभे राहून रडले, आणि रात्री जेवताना पोरगी इतकी बोलली की तिचा वरणभात गार झाला.

तर असा मी वाद घातला. मुलांच्या अभ्यासात मोठ्यांनी बोटही घालू नये, हे आता माझ्या सहीनिशी ठरलेलं आहे, आणि ते मोडणाऱ्याची मी गय करणार नाही. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
भागी

ता. क. गूळ संपला. येणाऱ्या कोणाजवळ तरी धाडा.

ता. क. आणखी एक, आणि खरं तर यासाठीच लिहायला बसले. शाळेची नवी सूचना आली आहे. आजीने आपल्या बालपणावर एक पान स्वतः लिहून द्यायचं, नात ते वर्गात वाचणार. दादा, माझं लिहिणं तुम्हाला माहीत आहे. तुमची भाषा सुरेख. माझ्या नावाने एक पान लिहून पाठवा, मधे दोनचार चुका ठेवा म्हणजे माझं वाटेल. मी हाटात हरवले होते ते घालू नका. हमी मी नातीच्या कामाची दिली आहे. हे काम माझं आहे, तेव्हा ते तुम्ही करायला हरकत नाही.

ता. क. वरचं लिहू नका. समीक्षा मागे उभी राहून वाचत होती. आत गेली, हळदीचा डबा घेऊन आली आणि माझ्या खुर्चीभोवती रेघ ओढली. पान पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही म्हणते, आणि गावाकडच्या आजोबांची मदत नाही. गूळ मात्र धाडाच. सोबत हळदही.