पुढचं डावं चाक

सोमवार, ३ फेब्रुवारी
घासलं. पुढचं डावं चाक. बँकेपुढे गाडी लावताना फूटपाथच्या कडेला करकरकर — तो आवाज अजून दातांत बसलाय. अलॉयच्या रिमवर चार बोटं लांब ओरखडा, कड तर उंदराने कुरतडल्यासारखी. आमची ही बरोबर नव्हती, तेवढंच नशीब.

रविवारी लेक येणार. वर्षभरात दोनदा डावं चाक घासून झालं, गॅरेजात नीट करून घेतलं. तेव्हाच तिनं बजावलं होतं — "बाबा, आता एक जरी ओरखडा दिसला तर किल्ली माझ्याकडे." बोलली की करते. आईवर गेलीये. आणि गाडी गेली तर हिला गुडघ्यांच्या व्यायामाला आठवड्यातून दोनदा कोण नेणार? जिना उतरतानाच हिचा जीव जातो.

मंगळवार, ४
गॅरेजवाला म्हणतो, "काका, करून देतो. पण ताईंना फोन करावा लागेल, त्यांनी सांगून ठेवलंय." फितूर मेला! गाडी वळवून घरी आणली.

पस्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली, एक चाक होत नाही म्हणजे काय. स्टेपनी लावली, चाक काढून उलट्या बादलीवर ठेवलं. धुतलं, थिनरने पुसलं, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासत बसलो. खांदे भरून आलेत.

ही दारातून बघत होती. "मी नव्हते ना गाडीत?" म्हटलं, नव्हतीस. मान हलवून आत गेली. ही गप्प बसली की मला धास्ती वाटते.

बुधवार, ५
खड्ड्यांत पुट्टी भरली. वाळल्यावर घासली. डोळे मिटून बोट फिरवलं — नखालासुद्धा काही लागत नाही. डोळ्यांपेक्षा बोट खरं, असं आमचे फोरमन म्हणत.

गुरुवार, ६
टायरवर रंग उडू नये म्हणून रिम आणि टायरच्या फटीत सभोवार खेळायचे पत्ते खोचले. सगळा कॅट लागला. ही म्हणाली, "राजे-राण्या एकदाच्या कामाला लागल्या." प्रायमर मारला. तीन दिवस उरले.

शुक्रवार, ७
चंदेरी रंगाचे तीन पातळ हात, वर लॅकर. झकास दिसत होतं. हिला बोलावलं तर म्हणे, "इथे ओघळ आलाय."
"कुठे?"
"अहो, इथे. डाव्या अंगाला."
मला दिसेना. मान पार वळवली तेव्हा दिसला — चांगला करंगळीएवढा. इतकी वर्षं मिलिमीटरचा हजारावा भाग मोजत आलो, आणि हा दिसू नये? चिडलो. हिच्यावरच चिडलो, उगाच. नंतर ओघळ घासून काढला, पुन्हा रंग मारला.

शनिवार, ८
चाक बसवलं. नट आवळले, दोनदा तपासले. जेवण गेलं नाही.

रविवार, ९
लेक आली. घरात यायच्या आधी गाडीभोवती फेरी. डाव्या चाकापाशी उकिडवी बसली आणि रिमवरून बोट फिरवलं. माझीच लेक! उठली, हात झटकले. "सुधारलात हं बाबा." किल्ली माझ्याच खिशात राहिली. जिंकलो.

ही मात्र हसली नाही. लेक आंघोळीला गेल्यावर जवळ येऊन बसली. "गाडीत मी सारखी बोलत असते — डावीकडे सायकल आहे, जरा उजवीकडे घ्या. तुम्हाला काय वाटलं, बडबडायची हौस आहे मला?"
म्हटलं, मग?
"तिन्ही वेळा डावं चाक मी नसतानाच घासलंत तुम्ही."
वर्षभर हिला गप्प बस म्हणत आलो. लाज वाटली. तरी म्हणालो, काहीतरीच तुझं.

सोमवार, १०
सकाळी लेक निघाली. तिला स्टेशनवर सोडायला मी गाडीत बसलो, चालू केली. मग सहज, हिचं बोलणं खोटं ठरवायला, उजवा डोळा हाताने झाकला. डावीकडे कोणी नव्हतं. मान वळवली — लेक पुढच्या डाव्या चाकाला खेटून उभी होती, आईला हात हलवत.

गाडी बंद केली. उतरून किल्ली लेकीच्या हातात दिली.