धार लावायला दिलेल्या कात्र्या

ताई,

तू मनोरुग्णांच्या इस्पितळातून घरी आलीस, त्या सकाळीच मी दुकानातल्या तिन्ही कात्र्या कपाटात कुलूपबंद केल्या होत्या. "डोक्याचं काय सांगावं!" असं बायको म्हणाली आणि मीही मान डोलावली. तू विचारलंस तेव्हा "धार लावायला दिल्यात," असं तोंड वर करून सांगितलं.

गिऱ्हाईक कापड कापून घ्यायला दारात उभं होतं. तू काठाला दातांनी बारीकशी चीर दिलीस, कापडातला एकच धागा हलक्या हातानं ओढून काढलास आणि त्या रिकाम्या रेघेवरून कापड टर्रकन फाडलंस. मी पट्टी लावून पाहिली. सुतासारखं सरळ! वीस वर्षं शिवतोय, पण माझ्या कात्रीला अशी रेघ कधी साधली नाही. मी आ वासून तुझी बोटंच बघत राहिलो.

जेवायला उठताना म्हणालीस, "धार लावून आल्या की जपून वापर रे. लहानपणापासून बोट कापून घेतोस."

किल्ली माझ्या खिशात होती.

आता तू तुझ्या खोलीवर राहतेस. कात्र्या पुन्हा टेबलावर आल्यात. हे पत्र मात्र त्याच कपाटात ठेवणार आहे. वाचलंस तर तू हसून माफ करशील, आणि तेच मला झेपायचं नाही.

तुझा,
बोटकाप्या